गुन्हा मोकळ्या जागेचा नव्हे

देशाची पहिली डिजिटल जनगणना २०२७ साली होत आहे. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन. हिमाच्छादित प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६. तिचे आकडे हाती येताच रोगप्रसार, पोषण, भूजल, स्थलांतर अशा अनेक विषयांवरील जिल्हावार अभ्यासांना नवा पाया मिळेल. हे अभ्यास ज्या यंत्रांवर व्हायचे त्यांच्या वार्ताही गेली काही वर्षे सातत्याने येत आहेत. २०१५ साली ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने मंजूर झालेले राष्ट्रीय महासंगणन अभियान, २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे राष्ट्राला अर्पण झालेले तीन ‘परम रुद्र’, त्याच दिवशी हवामानशास्त्रासाठी सुरू झालेल्या पुण्याच्या ‘अर्क’ आणि नोएडाच्या ‘अरुणिका’ या प्रणाली: या साऱ्यांचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते.

या बातम्यांत पेटाफ्लॉपचे आकडे असतात, उद्घाटनाची छायाचित्रे असतात. तक्त्यातील एक नाव उचलून ते गणना करणाऱ्या प्रोग्रामच्या हाती देणारा जो मधला दुवा, त्याच्याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. हा दुवा बहुधा एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने घाईघाईत लिहिलेला असतो: पायथॉनचा एक छोटा प्रोग्राम आणि त्याने हाक मारताच धावणारी चाळीस-पन्नास ओळींची शेल स्क्रिप्ट. या दुव्याविषयी ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे एकच उपदेश चालत आला आहे. नावात मोकळी जागा, म्हणजे स्पेस, ठेवू नये. आढळलीच तर तिथे अधोरेषा टाकावी.

हा उपदेश वरवर निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात तो साधन वापरणाऱ्याची चूक माहितीच्या माथी मारतो आणि त्यामुळे खरी चूक जागच्या जागी राहते. एरवी प्रत्येक गृहीतकाला आव्हान देणाऱ्या माणसांनी तो इतकी वर्षे निमूटपणे पाळावा, ही विज्ञानव्यवहारातील एक खेदजनक गोष्ट आहे.

२०११च्या जनगणनेत दिल्लीचे नऊ जिल्हे होते. त्यांची इंग्रजी नावे यादीच्या क्रमाने अशी: नॉर्थ वेस्ट, नॉर्थ, नॉर्थ ईस्ट, ईस्ट, न्यू दिल्ली, सेंट्रल, वेस्ट, साउथ वेस्ट आणि साउथ. समजा, एका संशोधकाने पायथॉनमध्ये या नऊ नावांची यादी केली, प्रत्येक नाव स्क्रिप्टच्या नावापुढे एक स्पेस सोडून जोडले आणि तयार झालेली ओळ ‘ओएस.सिस्टम’ या जुन्या फंक्शनच्या स्वाधीन केली. स्क्रिप्ट पहिल्या आर्ग्युमेंटला, म्हणजे $१ ला, जिल्ह्याचे नाव समजते. त्या जिल्ह्याच्या नोंदी शोधते आणि त्याच नावाच्या फाइलीत उत्तर लिहिते. ‘नॉर्थ वेस्ट’ हे नाव तिच्यापर्यंत पोहोचते ते दोन तुकड्यांत. $१ मध्ये ‘नॉर्थ’, $२ मध्ये ‘वेस्ट’. $२ कडे स्क्रिप्ट ढुंकूनही पाहत नाही, कारण तिला एकच नाव मिळणार होते.

नऊ जिल्हे आत गेले आणि सहा फाइली बाहेर आल्या: नॉर्थ, ईस्ट, न्यू, सेंट्रल, वेस्ट, साउथ. ‘नॉर्थ’ची फाइल तीनदा लिहिली गेली, ‘साउथ’ची दोनदा. नोंदी शोधण्याची रीत काटेकोर असेल तर तिन्ही वेळा उत्तर जिल्ह्याचेच आकडे पडले आणि वायव्य व ईशान्य हे दोन जिल्हे अभ्यासातून नाहीसे झाले. ‘न्यू’ नावाचा जिल्हा अस्तित्वात नसल्याने त्याची फाइल कोरी राहिली. रीत सैल असेल, म्हणजे ‘नॉर्थने सुरू होणारे सगळे’ अशी असेल, तर तिन्ही जिल्ह्यांची बेरीज एकाच नावावर जमा झाली. दोन्ही प्रकारांत स्क्रिप्ट शून्य हा संकेत देऊन संपते, आणि शून्य म्हणजे सर्व कुशल. लाल अक्षरे नाहीत, थांबलेला प्रोग्राम नाही, इशारा नाही. पुढे या फाइलींवरून नकाशा रंगतो, नकाशावरून निष्कर्ष निघतो, निष्कर्षावरून कदाचित निधीही वाटला जातो.

नऊ नावांच्या यादीत सहा फाइली कोणाच्या तरी नजरेस पडतील. पण २०११च्या जनगणनेत देशाचे ६४० जिल्हे होते. त्यांत ईस्ट गोदावरी आहे, ईस्ट खासी हिल्स आहे, ईस्ट सियांग आहे आणि दिल्लीचा नुसता ईस्टही आहे. नॉर्थ गोवा आणि नॉर्थ ट्वेंटी-फोर परगणाज यांच्यात देशाची सारी रुंदी आहे. तुटक्या स्क्रिप्टच्या लेखी ते एकच गाव. सहाशेच्या घरातील फाइली कोण मोजत बसतो?

राज्यांची गत निराळी नाही. ‘उत्तर प्रदेश’ तुटला की ‘उत्तर’ उरतो, आणि सैल शोधात त्याच्या पदरात ‘उत्तराखंड’ही पडतो. ही गंमत रोमन लिपीत घडते तशीच देवनागरीतही घडते. २६ जानेवारी २०२० पासून अस्तित्वात आलेल्या केंद्रशासित प्रदेशाचे नाव ‘दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव’. त्यात आठ शब्द आणि सात मोकळ्या जागा. सरकारी तक्त्यांत ‘जम्मू & काश्मीर’ असे चिन्ह घालूनही लिहिलेले आढळते, आणि तिथे तर शेल कमालच करतो. ‘&’ या चिन्हाचा त्याच्या भाषेतील अर्थ ‘हे काम पडद्याआड चालू दे’ असा असल्यामुळे तो ‘जम्मू’ एवढेच नाव देऊन स्क्रिप्ट सोडून देतो आणि मग ‘काश्मीर’ नावाची आज्ञा शोधू लागतो. ती सापडत नाही म्हणून निदान तक्रार तरी करतो. ‘ओएस.सिस्टम’ने परत दिलेला आकडा तपासण्याची तसदी ज्यांनी घेतली नाही त्यांना मात्र तीही कळत नाही.

आता दोष कोणाचा ते पाहावे. युनिक्स किंवा लिनक्स या कार्यप्रणालींना मोकळ्या जागेचे काडीइतकेही वावडे नाही. फाइलीच्या नावात दोनच बाइट निषिद्ध आहेत: तिरकी रेघ आणि शून्य बाइट. एक प्रोग्राम दुसऱ्याला सुरू करतो तेव्हा कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, आर्ग्युमेंटांची यादी स्वीकारतो. यादीतील प्रत्येक घटक वेगळा असतो. त्याच्या पोटात स्पेस आहे की नाही हे कर्नल पाहतही नाही. बंद लिफाफ्यांतून पत्रे जावीत तशी ही आर्ग्युमेंटे जातात.

लिफाफा फोडणारा असतो तो शेल. माणसाने कळफलकावर टंकलेली ओळ वाचायची, तिचे शब्द पाडायचे आणि त्यांवरून प्रोग्राम सुरू करायचा, हे त्याचे मूळ काम. १९७९ साली बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला. स्पेस, टॅब आणि नवी ओळ या तीन खुणांवर तुकडे पाडण्याची त्याची रीत आजच्या बॅशपर्यंत चालत आली आहे. समोर माणूस बसलेला असताना ही रीत सोयीची आहे. पण वरच्या उदाहरणात माणूस कुठे आहे? पायथॉनच्या हाती नाव अखंड होते. स्क्रिप्टलाही ते अखंडच हवे होते. दोघांच्या मध्ये विनाकारण एक दुभाषा बोलावला गेला, त्याच्यासाठी यादी मोडून तिची एक ओळ करण्यात आली, आणि त्याने ती ओळ आपल्या रीतीने तोडली तेव्हा ठपका नावावर ठेवला गेला.

मोडी दप्तरे हाताळणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. आधी रेघ आखून तिच्याखाली सलग लिहीत जाण्याच्या त्या पद्धतीत शब्दांमध्ये जागा सुटत नसे. शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे. वाचणारा जाणकार असे, म्हणून निभावले. शेलला अर्थ कळत नाही, खुणा तेवढ्या कळतात. ‘ध’चा ‘मा’ व्हायला निदान कोणाचा तरी दुष्ट हेतू लागला असे आख्यायिका सांगते. इथे तोही लागत नाही.

उपाय वीस वर्षांहून जुना आहे. २००४ साली पायथॉनच्या २.४ या आवृत्तीत ‘सबप्रोसेस’ हे मोड्यूल आले. त्याला सलग ओळ न देता यादी द्यायची: पहिला घटक स्क्रिप्टचा पत्ता, दुसरा जिल्ह्याचे नाव. स्क्रिप्ट चालवायला शेल लागतोच, पण अशा वेळी तो आर्ग्युमेंटे फोडत नाही. $१ मध्ये ‘नॉर्थ वेस्ट’ जसेच्या तसे उतरते. उरलेले काम स्क्रिप्टच्या आतले. तिथे $१ उघडा लिहिला की शेल त्याचे पुन्हा तुकडे पाडतो आणि त्यात तारांकन असेल तर चालू फोल्डरमधील फाइलींची नावेही आणून भरतो. म्हणून "$१" असे दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायचे. सगळी आर्ग्युमेंटे पुढच्या प्रोग्रामला जशीच्या तशी सोपवायची असतील तर "$@", तेही अवतरणांतच. $* लिहिले की पुन्हा मूळपदावर.

एवढेच आहे. यात अवघड गणित नाही, निविदा नाही, परदेशी यंत्र नाही. एका तासिकेत शिकवून होण्याजोगी ही गोष्ट आहे. ती शिकवली जात नाही म्हणून तिच्या जागी अर्धवट तोडगे रुजतात, आणि त्यांतला प्रत्येक तोडगा नवा खड्डा खणून ठेवतो.

एक तोडगा असा: यादी तर द्यायची, पण खबरदारी म्हणून नावाभोवती अवतरणचिन्हेही घालायची. यादी दिल्यावर ती काढून टाकायला शेल मध्ये नसतोच. मग अवतरणचिन्हे नावाचाच भाग होऊन स्क्रिप्टच्या हाती येतात आणि अवतरणांसकट ‘नॉर्थ वेस्ट’ शोधल्यावर तक्त्यात काहीच सापडत नाही. दुसरा तोडगा याहून फसवा. यादीही द्यायची आणि ‘शेल=ट्रू’ हेही लिहायचे. लिनक्सवर अशा वेळी यादीतील पहिला घटक तेवढा आज्ञा म्हणून चालतो. बाकीची आर्ग्युमेंटे स्क्रिप्टला न जाता मधल्या शेलकडे जातात आणि तिथेच विरून जातात. जिल्ह्याचे नाव तुटत नाही, ते पोहोचतच नाही. तिसरा तोडगा सर्वांत लोकप्रिय: सलग ओळच करायची, पण नाव एकेरी अवतरणांत गुंडाळायचे. ‘नॉर्थ वेस्ट’पुरते ते चालते. मग यादीत गोव्यातील एखादे डि'सोझा किंवा डि'कॉस्टा हे आडनाव येते. त्याच्या पोटातील चिन्ह शेलला अवतरण संपल्याची खूण वाटते आणि सारी ओळ विस्कटते. जिथे शेलला खरोखर टाळता येत नाही तिथे हे गुंडाळण्याचे काम हाताने करू नये. त्यासाठी पायथॉनच्या ३.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शलेक्स.कोट’ हे फंक्शन उपलब्ध आहे आणि ते डि'सोझांनाही सुखरूप पोहोचवते.

शेल टाळता न येण्याचा एक प्रसंग महासंगणक वापरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला रोज येतो. संस्थेतील आपल्या यंत्रावरून दूरच्या यंत्रावर काम पाठवायचे ते ‘एसएसएच’ने. इथे यादी देऊनही सुटका नाही. एसएसएच सगळी आर्ग्युमेंटे स्पेस घालून पुन्हा एका ओळीत जोडतो आणि ती ओळ पलीकडच्या शेलसमोर ठेवतो. तो तिचे नव्याने तुकडे पाडतो. घरच्या यंत्रावर बिनचूक चाललेली स्क्रिप्ट महासंगणकावर नाव तोडते ते यामुळे. हताश झालेला विद्यार्थी मार्गदर्शकाकडे जातो आणि मार्गदर्शक सांगतात, ‘नावातली स्पेस काढून टाक.’ उपदेशाची परंपरा अशी अबाधित राहते.

या उपदेशाच्या बाजूने जे बोलले जाते त्यात काही तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. ‘मेक’सारखी काही जुनी आणि अजूनही अपरिहार्य अवजारे मोकळी जागा असलेल्या फाइलनावांपुढे खरोखरच हतबल होतात. स्वतः निर्माण केलेल्या फाइलींना संशोधकाने साधी, सलग नावे द्यावीत हा शिस्तीचा भाग झाला आणि तो चांगलाच आहे. प्रश्न स्वतःच्या फाइलींचा नाही. जिल्ह्याचे नाव संशोधकाने ठेवलेले नसते. रुग्णाचे नाव त्याच्या आईवडिलांनी ठेवलेले असते. प्रजातीचे शास्त्रीय नाव तर लिनियसच्या काळापासून दोन शब्दांचेच आहे. वाघ म्हणजे ‘पँथेरा टायग्रिस’, आणि सिंह, बिबट्या, जग्वार हे सगळे ‘पँथेरा’च. जीवशास्त्राने गेली पावणेतीनशे वर्षे जी मोकळी जागा सांभाळली ती एका स्क्रिप्टच्या सोयीसाठी बुजवायची, याला शिस्त म्हणत नाहीत.

बुजवण्याने माहितीची जी नासाडी होते ती वेगळीच. एक गट अधोरेषा टाकतो, दुसरा आडवी रेघ, तिसरा दोन्ही शब्द चिकटवून टाकतो. पाच वर्षांनी या तीन गटांचे तक्ते एकमेकांशी जुळवायला घेतले की एकाच जिल्ह्याची तीन नावे निघतात आणि जुळणीत तो जिल्हा गळतो. ‘नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा’ असा सल्ला यावर दिला जातो. जुळणीसाठी तो रास्त आहे. पण २०११च्या जनगणनेत दिल्लीचा संकेत ०७ असा होता, आणि एक्सेलमधून एकदा फिरवून आणला की त्याचा नुसता ७ उरतो. साधनांच्या खोडी संकेतांनाही सोडत नाहीत.

एक्सेलचा विषय निघाला म्हणून हेही सांगावे. ‘सेप्ट१’, ‘मार्च१’ अशा नावांची मानवी जनुके एक्सेल तारखांत बदलून टाकत असे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलींतून जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. शेवटी २०२० साली जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने माघार घेतली आणि जनुकांनाच नवी नावे दिली: ‘सेप्टिन१’, ‘मार्चएफ१’. पुष्कळांनी याचे व्यवहारी शहाणपण म्हणून कौतुक केले. त्या समितीपुढे दुसरा मार्ग नव्हता असे म्हणता येईल, कारण एक्सेल तिच्या हातचे नव्हते. शेल स्क्रिप्टच्या बाबतीत ही सबब चालत नाही. ती लिहिणाऱ्याच्याच हातची असते.

अशा स्क्रिप्टने जगात काय काय केले आहे याची आठवण ठेवणे बरे. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २.० या आवृत्तीच्या इन्स्टॉलरने काही वापरकर्त्यांच्या डिस्कचे अख्खे विभाग पुसून टाकले. पुसण्याच्या आज्ञेत डिस्कचे नाव अवतरणांशिवाय लिहिलेले होते आणि काहींच्या डिस्कच्या नावात स्पेस होती. कंपनीने ती आवृत्ती मागे घेऊन २.०.१ काढली, तिने वापरकर्त्यांना डिस्कचे नाव बदलायला सांगितले नाही, स्क्रिप्ट दुरुस्त केली, हे इथे महत्त्वाचे. २०११ साली ‘बम्बलबी’ या लिनक्सवरील मुक्त सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये एका पत्त्याच्या मधोमध चुकून एकच स्पेस पडली आणि एक उपफोल्डर पुसण्याऐवजी ‘यूएसआर’ हा कार्यप्रणालीचा सारा विभागच पुसला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरील सुमारे ७७ टेराबाइट संशोधन-माहिती, म्हणजे १४ गटांच्या सुमारे ३.४ कोटी फाइली, प्रत-जतनाच्या स्क्रिप्टने पुसल्या. तिथे कारण स्पेसचे नव्हते. स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी नवी आवृत्ती ठेवली गेली. बॅश फाइल वाचत वाचत चालतो, त्यामुळे मधल्या ओळींवर काही चलांना किंमतच उरली नाही आणि पुसण्याच्या आज्ञेने भलत्याच ठिकाणी हात घातला. पण वृत्ती तीच: आज्ञेत कोरे किंवा तुटके नाव गेले तर काय होईल, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

या तिन्ही घटनांत निदान नुकसान दिसले. दिल्लीच्या सहा फाइलींचे नुकसान दिसत नाही, म्हणून ते अधिक गंभीर आहे. पुसलेली माहिती संशोधकाला थांबवते. चुकीची माहिती त्याला पुढे चालू देते.

सुरक्षिततेची बाजूही याच दाराने आत येते. जी ओळ स्पेसवर तुटते ती अर्धविरामावरही तुटते, आणि अर्धविरामानंतर शेल नवी आज्ञा सुरू झाली असे समजतो. नमुन्याचे नाव जर एखाद्या संकेतस्थळावरील रकान्यातून येत असेल, तर त्या रकान्यात नावाऐवजी पुसण्याची आज्ञा लिहिणारा महाभागही येऊ शकतो. सॉफ्टवेअरमधील सर्वांत धोकादायक दुबळेपणांच्या ज्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात त्यांत हा प्रकार वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे. स्पेस हा त्या दोषाचा सर्वांत सौम्य साक्षीदार. तिने चूक उघडी पाडली तर तिचे आभार मानायचे, की तिला हद्दपार करून चूक झाकायची?

मग उपदेश टिकून का राहतो? त्याचे उत्तर तंत्रात नाही, प्रतिष्ठेत आहे. शोधनिबंधात समीकरणाला जागा मिळते, यंत्राच्या नावाला मिळते, पेटाफ्लॉपना मिळते. मधल्या स्क्रिप्टची बोळवण ‘माहितीवर पायथॉनच्या साहाय्याने प्रक्रिया केली’ एवढ्या एका वाक्यात होते. ती स्क्रिप्ट परीक्षक मागत नाहीत, प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नाही, आणि ती नीट लिहिणाऱ्याला पदोन्नतीत गुण मिळत नाहीत. प्रयोगशाळेतील तराजूचे अंशांकन झाले नसेल तर निष्कर्ष फेटाळले जातात; तक्त्यातून यंत्रापर्यंत नाव नेणाऱ्या साधनाचे अंशांकन असते याची मात्र कल्पनाही नसते. ज्या कामाला मान नाही ते काम ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे जाते. म्हणून ते सर्वांत कनिष्ठ विद्यार्थ्याकडे जाते, आणि त्याला शिकवायला कोणाला सवड नसते. तो चुकला की स्पेस दोषी ठरते, कारण स्पेस कोणाचीच विद्यार्थिनी नाही.

महासंगणन अभियानाने यंत्रांबरोबर मनुष्यबळ घडवण्याचेही उद्दिष्ट स्वीकारले आहे. समांतर गणना, ग्राफिक प्रोसेसर, यंत्रशिक्षण हे विषय त्यात असणारच. त्यांच्या आधी एक तास या दुव्याला दिला तर काय बिघडेल? ‘शेलचेक’ नावाचे विनामूल्य साधन स्क्रिप्ट वाचून अवतरणांशिवाय लिहिलेला प्रत्येक $१ बोट ठेवून दाखवते. महासंगणकावर काम दाखल करण्यापूर्वी ते चालवणे सक्तीचे करायला एका परिपत्रकाहून अधिक काही लागत नाही. ‘सबप्रोसेस’ला ‘चेक=ट्रू’ लिहिले की स्क्रिप्ट अपयशी ठरताच पायथॉन थांबतो; स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘सेट -यू’ लिहिले की किंमत नसलेल्या चलावर ती पुढे जात नाही. ज्या नियतकालिकांना आणि निधी देणाऱ्या संस्थांना माहिती खुली हवी असते त्यांनी स्क्रिप्टही मागावी, आणि तिच्यासोबत पाच नावांवरील चाचणीचा निकाल मागावा: ‘नॉर्थ वेस्ट’, ‘जम्मू & काश्मीर’, ‘डि'सोझा’, आडव्या रेघेने सुरू होणारे एक नाव आणि एक कोरे नाव. ज्या स्क्रिप्टला ही पाच नावे झेपत नाहीत तिच्यावर आधारलेला जिल्हावार नकाशा छापण्याची घाई कशासाठी?

नावे तर बदलतच राहणार. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पोर्ट ब्लेअरचे नाव ‘श्री विजय पुरम’ असे केल्याची घोषणा केली. एका मोकळ्या जागेच्या दोन झाल्या. जुनी स्क्रिप्ट या गावाला ‘पोर्ट’ म्हणत असे. नवे नाव आल्यावर ती त्याला ‘श्री’ म्हणेल. राजस्थानातील श्री गंगानगरलाही ती ‘श्री’च म्हणत आली आहे. तापमानाच्या नोंदी ठिकाणांच्या नावाने मांडणाऱ्या एखाद्या कोशात त्या दिवसापासून अंदमानचा समुद्रकिनारा आणि थरच्या कडेचे वाळवंट एकाच फाइलीत लिहिले जाऊ लागतील. जे मागाहून येईल ते आधीचे पुसेल. घोटाळा टाळावा म्हणून कोणी नव्या नावापुढे कंसात जुने नावही ठेवले, तर शेल त्या कंसावर अडखळून थांबेल. त्या दिवशी तरी फाइल उघडून पाहिली जाईल.